अंगाशी भिडलेल्या माणसापासून सुटका: कुस्ती, ज्यूदो आणि जिऊ-जित्सू स्वसंरक्षणासाठी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला आमचा संध्याकाळचा वर्ग चालतो. निम्मी पोरं मातीतल्या कुस्तीतून आलेली, निम्मी थेट जिऊ-जित्सूला. नाव घालायला येणारे पालक, कॉलेजच्या मुली, नोकरीवरून सुटून येणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, व्हॉट्सॲपवरही पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे.

१. कराटे, बॉक्सिंग आणि हे, यात फरक काय?

तिथे मारायला शिकवतात. इथे धरायला, पाडायला, दाबून ठेवायला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुटायला शिकवतात. आपली कुस्ती, जपानचा ज्यूदो आणि ब्राझिलियन जिऊ-जित्सू ही एकाच घरातली भावंडं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्यूदो सुरू केला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, आणि त्यांच्याकडून ग्रेसी घराण्याकडे गेलेली विद्या पुढे जमिनीवरच्या झुंजीसाठी नावाजली. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत (तिथे वेगवेगळ्या युद्धकलांचे लोक एकमेकांशी लढतात) अंगाने किरकोळ वाटणारा रॉइस ग्रेसी जिंकला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. समोरचा खरोखर विरोध करत असताना, पूर्ण ताकदीने, रोज सराव करता येतो. कोणी अंगावर बसलं की श्वास कोंडतो, डोकं बधिर होतं. आठवड्यातून तीनदा हे अनुभवलेल्या माणसाला ते नवीन राहत नाही. डाव नंतर येतात, ही सवय आधी.

२. नव्वद टक्के मारामाऱ्या जमिनीवर जातात म्हणे. खरं आहे का?

हा आकडा इतका फिरतो की लोक तो वर्गात येऊन आम्हालाच सांगतात. त्याचं मूळ लॉस एंजेलिस पोलिसांनी बळ वापरलेल्या प्रसंगांच्या नोंदींत आहे. पोलिसाला माणूस पाडून हातकड्या घालायच्या असतात, त्यामुळे तो मुद्दाम खाली नेतो. तुम्हाला कोणाला अटक करायची नाही. रस्त्यावर माणूस खाली जातो तो बहुधा ढकलल्यामुळे, पाय अडकल्यामुळे किंवा झटापटीत तोल गेल्यामुळे. त्यासाठी तयारी हवी. मुद्दाम खाली जाण्यासाठी नको.

३. खाली पडलो तर पहिलं काय करायचं?

हनुवटी छातीला लावा. डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटली तर पुढचं काहीच तुमच्या हातात राहत नाही. पडताना हात ताठ करून मागे टेकवू नका, त्याने मनगट मोडतं किंवा कोपर निखळतं. पंजापासून दंडापर्यंत अख्खा हात अंगापासून थोडा दूर जमिनीवर टाकायचा, म्हणजे आदळ एका जागी बसत नाही.

पडलात की पाय त्याच्याकडे, डोकं त्याच्यापासून लांब. एक पाय गुडघ्यात वाकवून जमिनीवर रोवलेला, दुसरा हवेत. तो जवळ आला तर तळपायाने त्याच्या नडगीवर, गुडघ्यावर, मांडीवर रेटायचं. तो बाजूने फिरून यायला लागला तर कमरेवर गिरकी घेऊन पाय पुन्हा त्याच्यासमोर आणायचे.

आता उठणं. उजवा पाय रोवलेला आहे असं धरा. डावा हात मागे टेकवा, उजवा हात चेहऱ्यासमोर ठेवा. डावा हात आणि उजवा पाय या दोन खांबांवर वजन घेऊन कंबर उचला. मोकळा डावा पाय कमरेखालून मागे न्या, टेकलेल्या हाताच्याही मागे, आणि त्यावर उभे राहा. नजर पूर्ण वेळ त्याच्यावर. उभे राहिलात की दोन पावलं मागे, मग पळ. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि जुन्यालाही रोज करायला लावतो. पोटावर वळून, त्याला पाठ देऊन उठू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

४. मी तालमीत वाढलोय, दहा वर्षं कुस्ती केली. मला वेगळं काय शिकायचं?

थोडंच, पण ते थोडंच महत्त्वाचं आहे. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती चीत. म्हणून खाली गेलेला पैलवान विजेसारखा पोटावर वळतो, कोपरं अंगाशी घट्ट घेतो आणि मातीला चिकटून बसतो. हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, हे अगदी बरोबर, कारण वरचा फक्त उलटवायचा प्रयत्न करणार. रस्त्यावर वरचा तुमच्या पाठीवर बसतो, मागून डोक्यात मारतो किंवा गळ्याखालून हात घालतो, आणि तुम्हाला तो दिसतही नाही. पाठ टेकण्याची लाज वस्तादांनी वर्षानुवर्षं अंगात भिनवलेली असते. ती एवढ्यापुरती सोडायची, त्याला तोंड द्यायचं आणि तिसऱ्या उत्तरातल्या रीतीने उठायचं.

दुसरी सवय म्हणजे पाडल्यावर त्याच्या मागोमाग अंगावर जाणं. कुस्तीत तो गुण आहे, पण इथे पाडलंत की उभेच राहा आणि निघा. तिसरी गोष्ट पटाची. एकेरी पट काढताना, म्हणजे त्याचा एक पाय धरून पाडताना, आपला गुडघा टेकतो. मातीत, गादीवर ठीक, डांबरावर वाटी फुटते. पैलवानाने ढाक, टांग असे उभ्याने लागणारे डाव धरून ठेवावेत.

बाकी तुमच्याकडे जे आहे ते इतरांना मिळवायला वर्षं लागतात. हातातली पकड, कमरेचा तोल, मानेची ताकद. पैलवानाला पाडणंच मुळात अवघड, आणि उभा राहिलेला माणूस पळू शकतो.

५. म्हणजे जिऊ-जित्सूवाल्यांसारखं पाठीवर पडून लढायचं?

नाही. ती त्यांच्या खेळाची सवय. स्पर्धेत आपण होऊन खाली बसून समोरच्याला दोन्ही पायांमध्ये घेतलेलं चालतं, कारण तिथे तो डोकं आपटू शकत नाही, त्याचा मित्र बाजूने लाथ मारत नाही आणि खाली फुटलेली फरशी नसते. पायांची ती कैची जबरदस्तीने खाली पडलेल्या माणसासाठी उत्तम आहे. त्याला जवळ घट्ट धरलं की मोठा ठोसा मारायला जागा मिळत नाही, आणि तो मागे झाला की पाय मधे घालून तुम्हाला उठता येतं. पण आपण होऊन तिथे जाऊ नये. प्रत्येक खेळाचे नियम अंगात एक वाईट खोड घालतात, आणि आपली कोणती ते ओळखणं हा स्वसंरक्षणाचा अर्धा अभ्यास आहे.

६. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. ऐंशी किलोचा माणूस पोटावर बसला तर काय उपयोग?

वजनाने फरक पडतो. कोणी पडत नाही म्हणाला तर त्याच्याकडे शिकू नका. म्हणूनच या खेळांच्या स्पर्धांत वजनगट असतात. तरीही शिकलेली हलकी मुलगी आणि न शिकलेली हलकी मुलगी यांच्यात मोठं अंतर आहे, ते आम्ही रोज बघतो.

न शिकलेला माणूस दोन्ही हात ताठ करून वरच्याची छाती ढकलतो. पाच-सहा सेकंदांत हात भरून येतात आणि ताठ कोपर धरायला सगळ्यात सोपं. त्याऐवजी कोपरं बरगड्यांना लावा. तो गळा धरायला किंवा मारायला पुढे झुकतो तेव्हा त्याचा एक हात छातीशी धरून ठेवा, त्याच बाजूचा त्याचा पाय तुमच्या पायाने बाहेरून अडवा, टाचा नितंबांजवळ घ्या आणि कंबर जोरात वर उचलून त्या बाजूच्या खांद्यावरून वळा. टेकायला हात-पाय उरत नाहीत म्हणून तो कलंडतो. तो मागे सरकून बसला असेल तर हे चालत नाही. मग एका कुशीवर व्हायचं, कंबर मागे सरकवायची, आपलं कोपर आणि गुडघा एकमेकांना भेटवायचे आणि त्या फटीतून गुडघा मधे घालायचा. एकदा जमलं नाही तर दुसरं, मग पुन्हा पहिलं. थांबायचं नाही, आणि सगळा वेळ ओरडत राहायचं.

७. त्यापेक्षा चावावं, डोळ्यांत बोटं घालावीत. सोपं नाही का?

जरूर करा, जीव वाचवताना काही वर्ज्य नाही. पण जो वर आहे त्यालाही बोटं आणि दात आहेत, आणि त्याचा हात तुमच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोचतो. आधी जागा सुधारा. चावा हा धक्का देण्यासाठी. त्या धक्क्याच्या क्षणात कंबर हलली पाहिजे.

८. मनगट धरलं, मागून मिठी मारली, केस ओढले, तर?

मनगट: त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती पकडीची कच्ची बाजू. तिकडून, कोपर पुढे घेत, सगळ्या अंगाच्या वजनाने हात काढा. नुसता हात ओढून ताकदवान माणसापासून सुटत नाही.

मागून मिठी: ताबडतोब बूड खाली टाका, पाय फाकवा, दोन्ही हातांनी त्याचा एकच हात धरा. उचलणाऱ्याला तुमचं वजन एकदम जड झालेलं कळतं. मग कंबर एका बाजूला काढून वळून तोंड द्या.

केस: त्याचा पंजा दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर दाबून धरा. वेदना कमी होते आणि मान तुमच्या ताब्यात येते. मग त्याच्याकडे वळा, उलट दिशेने ओढू नका.

९. नवरात्रात चणियाचोळी, लग्नात साडी. या कपड्यांत हे जमतं का?

जमतं, पण तयारी घरी करायला हवी. बडोद्यात नऊ रात्री मुली उशिरापर्यंत गरब्याला असतात, आणि खरी अडचण मैदानावर नसते, पार्किंग ते घर या वाटेवर असते. चणियाचा घेर गुडघ्यांमध्ये अडकतो. तिसऱ्या उत्तरातलं उठणं करताना मागे नेलेला पाय कापडावर पडला की माणूस पुन्हा बसतो. म्हणून टेकायच्या हाताने आधी घेर एका बाजूला ओढायचा, मग उठायचं. आश्विन लागायच्या आधी आमच्या मुली जुना चणिया घालून सराव करतात. साडीत पाय उचलून ढकलणं कमी जमतं, तिथे उभं असतानाच सुटण्यावर भर द्या. ओढणी गळ्याभोवती पिन करून घट्ट बसवू नका. मागून कोणी ओढली तर तोच फास होतो.

१०. गळा आवळण्याचा डाव शिकवता का? धोक्याचा आहे ना?

शिकवतो, आणि म्हणूनच कडक नियमांनी शिकवतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की दहा सेकंदांच्या आसपास, कधी त्याआधीच, शुद्ध जाते. लगेच सोडलं तर माणूस शुद्धीवर येतो. धरून ठेवलं तर मेंदूला इजा होते, मृत्यू होतो. वर्गात समोरच्याने थोपटलं (हाताने थापटून ‘सोड’ अशी खूण केली) की त्या क्षणी सोडायचं, यात चर्चा नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना आम्ही तो सुटण्यापुरताच शिकवतो.

रस्त्यावर हा डाव शेवटचा. त्याची शुद्ध गेली की तुमच्यावरचा धोका संपला, पुढचा प्रत्येक सेकंद कायद्याने तुमच्या विरोधात (प्रश्न १५).

तुमचाच गळा धरला असेल तर हनुवटी खाली, दोन्ही हातांनी त्याचा गळ्यावरचा हात खाली ओढा, खांदे वर घ्या, मग वळा. आणि नंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. आवाज बसणं, गिळायला त्रास, मान सुजणं ही लक्षणं काही तासांनीही दिसतात.

११. समोर चाकू असेल तर?

पैसे, फोन, गाडीची चावी देऊन टाका. पळता येत असेल तर पळा. चाकूवाल्याशी झोंबणं म्हणजे चाकूच्या जवळ जाणं. पळायला जागाच नसेल, तो भोसकतोच आहे, अशा एकाच प्रसंगात दोन्ही हातांनी त्याचा चाकूचा हात धरायचा, अंगाने भिंतीला दाबायचा आणि सोडायचा नाही. त्यातही जखम होणार हे धरून चाला. रविवारच्या शिबिरात रबरी चाकू सफाईने हिसकावून दाखवणाऱ्यांवर विसंबू नका.

१२. तीन-चार जण असतील तर?

कोणालाही धरून बसू नका, एकाला धरलं की तुम्हीही अडकता. सगळे एका बाजूला येतील असे सरकत राहा आणि उजेडाकडे, दुकानांकडे पळा. पडलात तर प्रश्न ३.

१३. साखळी खेचणाऱ्याला धरून पाडता येईल का?

मोटारसायकलवरच्या माणसाशी झोंबू नका. लोक ओढले जातात, डोक्यावर पडतात. साखळी सोडून द्या, गाडीचा नंबर आणि रंग लक्षात ठेवा. अशा हिसकावण्यासाठी भारतीय न्याय संहितेत ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, तक्रार नोंदवताना ते सांगा.

१४. घरातलाच माणूस दारू पिऊन अंगावर येतो. त्याला मारायचं नाही, आवरायचं आहे.

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर, चपला घालताना. धरण्याच्या विद्येचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे, कारण एकही ठोसा न मारता माणूस थांबवता येतो. बाजूने जा, समोरून नाही. त्याचा एक हात काखेपाशी बांधून घ्या, कानाजवळ हळू बोलत राहा, त्याला बसवा. खाली न्यावंच लागलं तर कुशीवर ठेवा.

एक गोष्ट कधीही करू नका. पालथं पाडून पाठीवर बसू नका. दारू प्यायलेला, दमलेला, जाड माणूस पालथा असताना पाठीवर वजन आलं तर त्याचा श्वास बंद पडू शकतो. तो धडपडतो ते हवेसाठी, वरच्याला वाटतं अजून भांडतोय. अशाने माणसं दगावली आहेत. ‘श्वास येत नाही’ असं तो म्हणाला तर लगेच वजन काढा.

आणि हे रोजचं असेल तर त्याला डाव हे उत्तर नाही. गुजरातमध्ये १८१ ‘अभयम’ हेल्पलाइन बायकांसाठी आहे. तिथे सल्लाही मिळतो आणि गाडीही येते.

१५. मी स्वतःला वाचवताना त्याचा हात मोडला तर गुन्हा माझ्यावर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची ३४ ते ४४ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची. ३५ व्या कलमाप्रमाणे स्वतःचं आणि दुसऱ्या कोणाचंही शरीर वाचवण्याचा हक्क आहे. ३७ वं कलम मर्यादा घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. ३८ व्या कलमात जीव घेण्यापर्यंत हक्क जातो ते प्रसंग आहेत: मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. ४० वं कलम सांगतं की धोक्याची भीती असेपर्यंतच हा हक्क.

सरळ अर्थ असा की हात मोडताना तो तुमच्यावर चालून येत होता तर तुमची बाजू मजबूत. तो पळत असताना धरून मोडला तर नाही. खटल्याची वेळ आली तर वकील गाठा, आमच्या सांगण्यावर अवलंबून राहू नका.

१६. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात. मी येऊ का?

या, आणि फक्त पडायला आणि उठायला शिका. या वयात बाथरूममध्ये घसरण्याचा धोका गुंडापेक्षा मोठा. पडताना डोकं वाचवणं आणि जमिनीवरून आधाराशिवाय उठणं याचा रोज उपयोग होतो. उड्या, पूल (डोकं आणि पाय टेकून कंबर उचलणं), मानेवरचे व्यायाम सोडून द्या.

१७. बडोद्यात शिकायला जागा निवडताना काय बघू?

हे शहर मुळात मल्लविद्येचं. गायकवाडांच्या दरबारात ज्येष्ठीमल्लांना, म्हणजे पिढीजात पैलवानांना, आश्रय होता, आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर प्रा. माणिकरावांच्या नावाने अजून ओळखलं जातं. पण नाव मोठं की लहान हे नंतर. तासभर कोपऱ्यात बसून वर्ग बघा. दोघं खरा विरोध करत सराव करतात की समोरचा पुतळ्यासारखा उभा राहतो? थोपटल्यावर लगेच सोडतात का? नवख्या मुलीला शंभर किलोच्या गड्यासमोर टाकत नाहीत ना? गादी रोज पुसतात का? नायटा, गजकर्ण अशा अंगलटीच्या सरावात झपाट्याने पसरतात. अंगावर चट्टा असलेल्याला शिक्षक घरी पाठवत असेल तर तो शिक्षक चांगला. नखं कापून जा, घरी येऊन लगेच अंघोळ करा.

दोन दिवसांच्या शिबिराने धीर येतो, पण हात तयार होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा महिने आलात की सुटण्याच्या चार गोष्टी भरवशाच्या होतात.

१८. मी सुटलो, तो पळाला. आता?

लोक असतील तिथे जाऊन थांबा आणि ११२ ला फोन करा. अंगभर हात फिरवून बघा, कारण त्या वेळी जखम कळत नाही. भोसकल्याचं लोकांना रक्त दिसल्यावर समजतं. जखमांचे फोटो काढा, फाटलेले कपडे धुवू नका. सरकारी दवाखान्यात, सयाजी हॉस्पिटलमध्ये गेलात तर हल्ल्यात लागलंय हे स्पष्ट सांगून नोंद करून घ्या. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली तक्रार) मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने ती नोंदवावी लागते. जबाब देताना तो काय करत होता ते आधी सांगा, तुम्ही काय केलं ते नंतर, घडलं त्या क्रमाने. सही करण्याआधी जबाब वाचा, आणि एफआयआरची प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते.